शुगरवाल्यांच्या गटात गेलं की मन आणखी खचेल का?

मधुमेहाच्या दवाखान्यात समुपदेशन करताना एक काळजी मला वारंवार ऐकू येते. "आमच्याकडे शुगरवाल्यांचा गट आहे म्हणतात, पण जावंसं वाटत नाही. ज्याचे त्याचे रिपोर्ट ऐकायचे, कुणाची किडनी, कुणाचे डोळे. आहे ते बळही जाईल." ही भीती खोटी नाही. पण तिच्या पोटात बरेचदा वेगळीच गोष्ट असते. ती एका ताईंच्या अनुभवातून सांगते. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

ताई नाशिकच्या, शाळेच्या ऑफिसात क्लार्क, पन्नाशीच्या अलीकडच्या. बरीच वर्षं गोळ्या झाल्या, मग इन्सुलिन सुरू झालं. एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी, ९.४ इतकी जास्त आली आणि डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं. पथ्य सुटत असेल असा घरच्यांचा होरा होता. पथ्य त्या बऱ्यापैकी सांभाळत होत्या. सुटत होतं ते इन्सुलिन. चार माणसांत असल्या की त्या इन्सुलिनचं पेन पर्समधून काढतच नसत.

"मॅडम, सुई दिसली की सगळ्यांच्या माना वळतात. जाऊबाई म्हणतात, एवढ्यात इंजेक्शनवर आलीस? घरचे प्रेमाचे आहेत हो, पण चहाचा कप उचलला की 'साखर नाही ना घातली?' दिवसातून किती वेळा उत्तर द्यायचं?"

हा थकवा आजाराचा कमी आणि खुलासे देण्याचा जास्त असतो. १९९५ साली विल्यम पोलोन्स्की या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसोबत एक प्रश्नावली तयार केली, मधुमेहासोबत जगताना मनावर येणारा ताण मोजण्यासाठी. तिच्या आधाराने मी ताईंशी बोलले. खाण्यावरून सतत मन मारणं, आणि जवळच्यांना आपलं कळत नाही असं वाटणं, या दोन ठिकाणी त्या थांबल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. हे नैराश्यच असतं असं नाही. ते वेगळं तपासावं लागतं, आम्ही तपासलंही.

मग मी त्यांना सकाळी बागेत जमणाऱ्या गटात पाठवलं. चालणं झालं की ही मंडळी कट्ट्यावर बसतात. पहिल्या दिवशी तिथे विषय निघाला तो मुलाच्या लग्नाचा आणि गॅसवाला येत नाही याचा. साखरेचं बोलणं आलं ते मधेच, आलं तसं पुढे गेलं. ताईंनी बिनसाखरेचा चहा घेतला, कुणी काही विचारलं नाही. परत आल्यावर त्या मला म्हणाल्या, "मॅडम, तिथे मला काही सांगावंच लागलं नाही."

गटातलं मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हेच. उपयोगाची माहिती अशा गप्पांतूनच हाती लागते. लग्नाच्या रिसेप्शनला जायचं म्हणून ताई इन्सुलिन आठ वाजता घरूनच घेऊन निघत, आणि हॉलवर आहेराच्या रांगेत दहा वाजत. एकदा तिथेच साखर उतरून हातपाय थरथरले, दरदरून घाम आला. कुणीतरी चॉकलेट दिलं, पण चॉकलेटमधल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. अशा वेळी तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, आणि रक्तातली साखर ७० च्या खालीच असेल तर परत घ्यायचं. हे ताईंना दवाखान्यात सांगितलेलं होतं. पण रिसेप्शनला ताट समोर येईपर्यंत पेन बाहेर काढायचं नाही, हे त्यांना एका निवृत्त शिक्षिकेने सांगितलं. ("आधी डॉक्टरांना विचारून घे, प्रत्येकाचं इन्सुलिन वेगळं," हेही त्यांनीच बजावलं.) डॉक्टरांनी ताईंच्या इन्सुलिनसाठी होकार दिला. याच बाईंनी खुर्चीत बसल्या बसल्या पदराआडून पोटाच्या कडेला सुई कशी घ्यायची ते दाखवलं. शेजारचीला कळलंसुद्धा नाही. ते दाखवतानाच ताईंच्या पोटावरची गाठ त्यांच्या हाताला लागली. रोज एकाच जागी टोचलं की तिथे अशी गाठ धरते आणि तिच्यातून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. जागा बदलायच्या ठरल्या. चांगल्या जागेतून इन्सुलिन जास्त लागू पडून साखर एकदम उतरू शकते, म्हणून डॉक्टरांनी डोसही नव्याने ठरवला.

आणि मग ताईंनी जाणं बंद केलं.

गटातल्या एका काकांच्या पायाचं बोट काढावं लागलं होतं. "मॅडम, मला माझं पुढचं दिसलं," असं त्या म्हणाल्या. 'तुमचं तसं होणार नाही' असं मी म्हटलं नाही, तसं वचन मला देता येत नाही. एवढंच सुचवलं की काय झालं ते काकांनाच विचारा. त्या विचारायला गेल्या. काकांनी श्रावणात ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा अनवाणी केली होती. पायाला काटा लागला, पण तळव्यांची संवेदना आधीच गेल्यामुळे दुखलं नाही. घरी मोजा ओला लागला तेव्हा समजलं, आणि तोवर जखम आत गेली होती. काकांनी हे न कुरकुरता सांगितलं आणि ताईंना आरसा आणायला लावला. तेव्हापासून त्या रोज रात्री आरसा धरून तळवे बघतात, बोटांच्या बेचक्यांसकट. भीती पूर्ण गेली नाही. पण आता भीती वाटली की काय करायचं ते त्यांना माहीत आहे.

गटाचा धोका मला दुसरीकडे वाटतो. एक गृहस्थ काढ्याच्या बाटल्या घेऊन आले आणि गोळ्या-इन्सुलिन बंद करा म्हणाले. इन्सुलिन अचानक थांबवणं काहींच्या जिवावर बेतू शकतं. गटाने त्यांना हात जोडले आणि नियम केला: पोहे वाटून घ्यायचे, गप्पा वाटून घ्यायच्या, डोस नाही.

ताईंची एचबीए१सी पुढे ७.८ वर आली. श्रेय एकट्या गटाला देणार नाही. सुटलेलं इन्सुलिन वेळेवर जाऊ लागलं, जागा आणि डोस बदलले. घरीही बदल झाला. एका रविवारी ताईंनी नवऱ्याला कट्ट्यावर नेलं. तिथल्या बायकांनीच त्यांना सांगितलं की कप बघून विचारू नका, सकाळी सोबत चालायला या. ते आता येतात.

तुमच्याकडे गट नसेल तर दवाखान्यात विचारा, ओळखीतली दोन-तीन माणसंही पुरतात. पहिल्या दिवशी दोनच गोष्टी बघा: कुणी काही विकत तर नाही ना, आणि कुणी औषध बंद करायला सांगत नाही ना. यातलं एक जरी दिसलं तरी दुसरा कट्टा शोधा.