तक्रार कोटाची नको, चित्राची करा

तुमची पोस्ट वाचली आणि लिहिल्याशिवाय राहवेना. तुमच्या वेबकॉमिकमधल्या नायिकेचा पोशाख कुणीतरी घाऊक शिवून विकतंय, जाहिरातीत चक्क तुमचंच चित्र लावलंय, तक्रार केली की 'माहिती अपुरी आहे' एवढंच उत्तर येतंय, आणि इकडे फॅन्डममधली, म्हणजे चाहत्यांच्या गोतावळ्यातली, अर्धी मंडळी तुम्हालाच हावरट ठरवून मोकळी झाली आहेत. यातलं एकूण एक मी भोगलंय. तुम्ही दर आठवड्याला पानं काढता, तेव्हा वॉटरमार्क टाका, मूळ फाइल जपा वगैरे सांगत बसत नाही. मी वकील नाही, हे मात्र आधीच सांगते. प्रकरण कोर्टापर्यंत जाणार असेल तर या विषयातला वकील गाठा.

माझ्या कॉमिकमधली मुलगी एक लांब कोट घालते. त्याचं वरून तिसरं बटण नाही, कारण दुसऱ्या भागात ती ते तोडून धाकट्या भावाच्या हातात ठेवते. पाठीवर तीन पानांची वेल आहे. विकायला आलेल्या कोटाच्या फोटोत तिसऱ्या बटणाची जागा तशीच रिकामी होती. कथा न वाचता नुसतं मॉडेल शीट, म्हणजे पात्र सगळ्या बाजूंनी दाखवणारं माझं नमुना-चित्र, समोर ठेवून कापड कापलंय, याचा याहून धडधडीत पुरावा काय असणार? मी तोच पुरावा दिला. त्या विक्री-संकेतस्थळाच्या तक्रार फॉर्मवर 'डिझाइनची चोरी' असा रकानाच होता, तोच भरला. उत्तरं येत राहिली. दर वेळी सहीखाली नाव नवं आणि परिच्छेद तोच. कोटाच्या बेतावर आपण काही करू शकत नाही, हे एवढं साधं वाक्य त्यांच्या तक्रार कक्षातल्या एकानेही लिहिलं नाही. तोवर कोट धडाधड विकले जात होते.

खरी मेख अशी आहे. ही बहुतेक मोठी संकेतस्थळं अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए या इंटरनेटवरच्या कॉपीराइटबद्दलच्या कायद्याच्या चौकटीत तक्रारी घेतात, आणि तिथे कपडा ही वापराची वस्तू धरली जाते. कोटाचा कट, घेर, कॉलरचा आकार यांवर सहसा कॉपीराइट मिळत नाही. कापडावरची नक्षी कपड्यापासून वेगळी काढून स्वतंत्र चित्र म्हणून उभी राहत असेल, तर मात्र तिला संरक्षण मिळू शकतं. चीअरलीडर मुलींच्या गणवेशावरच्या पट्ट्यांचा खटला तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला होता, त्यात २०१७ साली हाच निकष ठरला. म्हणजे माझ्या बाबतीत बटणाची रिकामी जागा कथेच्या दृष्टीने कितीही मोलाची असली तरी कक्षाच्या दृष्टीने शून्य होती. तिथे चालणाऱ्या गोष्टी दोनच: जाहिरातीत लावलेलं माझं चित्र आणि पाठीवरची वेल.

तुम्हीही कोट विसरा. तक्रार 'कॉपीराइट' या रकान्यात करा आणि ती चित्राची करा. तुमचं चित्र पहिल्यांदा जिथे प्रसिद्ध झालं ते पान, त्याची तारीख, आणि त्यांच्या जाहिरातीचा नेमका दुवा द्या. दुकानाच्या मुखपृष्ठाचा दुवा दिलात तर तक्रार परत येते. सद्भावनेने तक्रार करतोय हे विधान, दिलेली माहिती खरी असल्याचं विधान, हक्क तुमचा असल्याचं किंवा हक्कदाराच्या वतीने लिहीत असल्याचं शपथेवरचं विधान, संपर्क आणि सही, यातलं एकही राहिलं तर त्यांना फाइल बाजूला ठेवायला निमित्त मिळतं. लेअर, म्हणजे चित्राचे एकावर एक थर, असलेल्या फाइलचा स्क्रीनशॉट जोडा. पेन्सिलचा कच्चा लेअर उघडा ठेवा. खोडलेल्या रेषा नकलाकाराकडे नसतात.

कॉपीराइटची नोंदणी केली नाही म्हणून पोस्टखाली तुम्हाला कुणीतरी घाबरवलंय. त्याची चिंता करू नका. कॉपीराइटवरच्या १८८६ च्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात सामील असलेल्या देशांत चित्र काढल्याक्षणी हक्क तुमचा होतो. तक्रारीलाही नोंदणी लागत नाही.

आता जे मला सगळ्यात महागात पडलं ते सांगते, आणि ते सांगताना आजही माझा संताप होतो.

पुढे मी चित्राची तक्रार केली, तेव्हा तीत एकाच जाहिरातीचा दुवा दिला होता. त्याच कंपनीच्या संकेतस्थळावर लोकांना फोटो टाकायचीही सोय आहे. कक्षाने माझं मॉडेल शीट जिथे जिथे दिसलं ते सगळं एका फटक्यात काढून टाकलं. त्यात एका चाहतीच्या पोस्टही गेल्या. ही मुलगी तो कोट स्वतः शिवत होती, स्वतःसाठी, आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो माझ्या शीटच्या शेजारी ठेवून टाकत होती, म्हणजे नवख्यांना चित्र आणि कापड ताडून बघता यावं. कॉलर उभी राहावी म्हणून तिने आत कडक कॅनव्हासचे दोन थर तिरपे कापून घातले होते आणि दुमडीची रेघ हाताने टाके घालून बसवली होती. मी चित्रात काढलेली कॉलर कापडात तशी उभी राहिलीच नसती. तिची बघून मी पुढच्या भागांत माझी कॉलर बदलली.

मी ताबडतोब लिहिलं की या पोस्टबद्दल माझी तक्रार नाही, कधीच नव्हती, असली तर मागे घेते. उत्तर आलं, प्रकरण बंद झालेलं आहे, संबंधित सदस्याने प्रतिनोटीस, म्हणजे पोस्ट चुकून काढली गेल्याचं लेखी उत्तर, द्यावी. प्रतिनोटिशीत खरं नाव, पत्ता, फोन नंबर द्यावा लागतो आणि ती तक्रारदाराकडे पाठवली जाते. पोस्ट परत यायला त्यानंतरही १० ते १४ कामाचे दिवस. कॉस्प्ले करणारे, म्हणजे पात्रांचे पोशाख करून घालणारे, कितीतरी लोक टोपणनावाने वावरतात, घरी किंवा कामाच्या ठिकाणी यातलं काही ठाऊक नसतं. तिने नाव द्यायला नकार दिला, आणि तिचं चुकलं असं मला मुळीच वाटत नाही. तिच्या खात्यावर ठपके साचले, खातं बंद झालं, आणि शिवणकामाच्या त्या सगळ्या पायऱ्या त्यासोबत गेल्या. ती फॅन्डममध्ये परत आली नाही. ज्याने चोरी केली तो नव्या नावाने दुसरं दुकान थाटून बसला.

म्हणून तक्रारीच्या मजकुरातच ठळक लिहा: 'फक्त या दुव्यावर कारवाई हवी. चाहत्यांनी स्वतः केलेल्या पोशाखांना, त्यांच्या फोटोंना आणि कृतीच्या पोस्टना माझी परवानगी आहे.' यामुळे कक्ष ऐकेलच अशी हमी मी देऊ शकत नाही, पण पुढे भांडायला कागद राहतो. आणि ही परवानगी तुमच्या कॉमिकच्या पानावर आजच लावा. स्वतःसाठी शिवा, स्पर्धेत घाला, फोटो टाका, मैत्रिणीसाठी एखादा शिवून तिच्याकडून मेहनताना घ्या, हे सगळं चालेल. घाऊक माल आणि माझं चित्र लावून केलेली विक्री चालणार नाही. एवढं साध्या भाषेत पुरे. कुणी क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे ठराविक अटींवर सगळ्यांना वापर खुला करणारा तयार परवाना लावायला सुचवेल. तो चांगलाच आहे, पण एकदा दिला की मागे घेता येत नाही, म्हणून घाईत लावू नका.

आणखी एक, तुमचंही नाव आणि संपर्क विक्रेत्याकडे जाऊ शकतो. घरचा पत्ता द्यायचा नसेल तर अधिकृत प्रतिनिधीमार्फत तक्रार करता येते.

हावरट म्हणणाऱ्यांना एकेकाला उत्तर देत बसू नका. मी तसं करणाऱ्या चित्रकारांची अख्खी रात्र त्यात गेलेली आणि सकाळचं पान राहिलेलं पाहिलंय. परवानगीचा मजकूर एकदा वर चिकटवा आणि चित्राकडे वळा. तुमच्या बाजूने कुणी बोलायचं असेल तर ते पोशाख शिवणारेच बोलतात. बाजारातला कोट आणि हाताने केलेला कोट यातला फरक त्यांच्याइतका कुणाला कळत नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय की चाहत्यांच्या संमेलनासाठी आपल्याच पात्राचा पोशाख स्वतः करावा का. जरूर करा. माझं तर ठाम मत आहे की प्रत्येक कॉमिक चित्रकाराने एकदा तरी करावा. कागदावर खांद्याचं चिलखत कसंही बसतं. फोमचं करून घातलं की हात कानापर्यंत जात नाही हे कळतं, आणि मग पुढच्या मारामारीच्या पानावर तुम्ही ते दोन तुकड्यांत काढता. चित्रात पाठ क्वचितच दिसते, त्यामुळे कोट उघडतो कुठून याचा विचारच झालेला नसतो. स्क्रीनवरचा झगझगीत निळा-हिरवा कापडात मिळेलच असं नाही. तेव्हा तुकडे आणून दिवसाच्या आणि दिव्याच्या उजेडात बघा, मग रंग ठरवा. महागाचं कापड कापण्याआधी जुन्या चादरीचा कच्चा नमुना शिवून बसून, वाकून, जिने चढून बघा.

चिलखताला ५ ते ६ मिलिमीटरचा ईव्हीए फोम (हलका, रबरासारखा फोम) बहुतेक ठिकाणी पुरतो, १० चा फक्त जाड कडांना. रंगाआधी हीट गनने, म्हणजे गरम हवा सोडणाऱ्या यंत्राने, पृष्ठभाग तापवून घ्या, छिद्रं मिटतात आणि रंग कमी शोषला जातो. काँटॅक्ट अ‍ॅडहेसिव्ह दोन्ही कडांना लावून, हाताला जेमतेम चिकट लागेपर्यंत थांबून मगच जोडा. खिडक्या उघड्या हव्यात आणि तोंडावर वाफा अडवणारा फिल्टरचा मास्क. साध्या कापडी मास्कने वाफा अडत नाहीत.

तक्रारीचा नवा मसुदा झाला की नाव, पत्ता आणि दुकानाचा दुवा झाकून इथे टाका. पाठवण्याआधी मी नजर टाकते. तुमच्या नायिकेच्या ओढणीवरची ती पक्ष्यांची किनार त्यात वेगळी नोंदवायला विसरू नका, कारण जाहिरातीतलं चित्र त्यांनी उद्या बदललं तर हातात तीच उरेल.