ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरच्या विंडो स्ट्रक्चरमधली एचचाइल्ड, व्हीचाइल्ड (आडव्या आणि उभ्या मांडणीतली पहिली पोटविंडो) आणि बफर (विंडोत दिसणारा मजकूर) ही फील्ड नव्या सोर्समध्ये का सापडत नाहीत?

व्हीटीयू विद्यापीठाच्या प्रोजेक्टसाठी जुन्या नोट्स वापरताय, म्हणून घोळ झालाय. बेळगावात सीनियरच्या झेरॉक्स पिढ्यान्‌पिढ्या फिरतात, सोर्स मात्र थांबत नाही!

ती तिन्ही फील्ड 2013 मध्ये काढून एकच ‘कंटेंट्स’ ठेवलं. विंडोचं झाड असतं: पानावर (पुढे न विभागलेल्या, टोकाच्या विंडोवर) बफर, आतल्या गाठीवर (विभागलेल्या विंडोवर) पोटविंडो. म्हणजे तिघांपैकी कामाचं एका वेळी एकच, बाकी दोन निल, म्हणजे रिकामी. खरी अडचण वाया जाणाऱ्या मेमरीची नव्हतीच, ती किरकोळ. चुकून दोन फील्ड भरली गेली तर खरं कुठलं मानायचं? आता तशी अवस्था तयारच होऊ शकत नाही. कंटेंट्समध्ये बफर असेल तर ते पान, विंडो असेल तर ती पहिली पोटविंडो, आणि डिलीट केलेल्या विंडोत निल. आडवी मांडणी की उभी, हे ‘हॉरिझॉन्टल’ नावाचा एक बिट सांगतो.

तुमचा कोड थेट फील्डला हात लावत असेल तर window.h या हेडर फाइलमधले मॅक्रो वापरा. विम या दुसऱ्या एडिटरमध्ये वेगळं आहे, तिथे मांडणीचं झाड विंडोबाहेर, फ्रेम नावाच्या स्ट्रक्चरमध्ये असतं. दोन्हींची तुलना रिपोर्टात घातलीत तर गाइड खूश होतील.