जावाचं हरवलेलं कव्हर ओतून घेताना

प्रश्न : वडिलांची 1968 ची जावा 250 मोटारसायकल गोठ्यात पडून होती. इंजिन मोकळं झालं, पण डायनॅमोवरचं ॲल्युमिनियमचं कव्हर आणि चेनकव्हरचा वरचा अर्धा भाग गायब आहे. बाजारातून आणलेलं कव्हर बसत नाही. मित्राच्या गाडीचं कव्हर नेऊन तसंच ओतून घेऊ का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : मित्राचं कव्हर जरूर न्या, पण तेच वाळूत दाबू देऊ नका. माझं पहिलं कव्हर मी असंच करून घेतलं होतं, कोल्हापूरच्या उद्यमनगरात. दिसायला हुबेहूब आलं. इंजिनावर ठेवलं तर एक स्क्रू बसला आणि दुसऱ्या भोकातून आतले आटे चंद्रकोरीएवढेच दिसायला लागले. ओतलेलं ॲल्युमिनियम थंड होताना आखडतं, 100 मिलिमीटरमागे साधारण 1.3 मिलिमीटर. वीस सेंटिमीटरच्या कव्हरला अडीच मिलिमीटरची तूट आली, आणि ती कानशीने भरून निघत नाही.

म्हणून आधी लाकडी पॅटर्न, म्हणजे वाळूत दाबून साचा करायचा नमुना, करून घ्या. चांगल्या पॅटर्नवाल्याकडे आखडण्याचा हिशेब धरलेली पट्टी असते, तिच्यावरचा मिलिमीटर मुळातच किंचित मोठा असतो. मित्राचं कव्हर फक्त मापाला वापरा. इंजिनाला टेकणाऱ्या कडेवर दोनेक मिलिमीटर जादा ठेवायला सांगा, म्हणजे ती मशीनवर सपाट करता येईल. स्क्रूची भोकं ओतकामात मागूच नका, ती जागा भरीव राहू द्या. डोकी कापून त्या बाजूला अणकुचीदार केलेले स्क्रू इंजिनाच्या आट्यांत बसवा, टोकं थोडी वर राहू देत. त्यावर कव्हर नीट धरून रबरी हातोडीने हलकं ठोका. जिथे खूण उमटेल तिथेच भोक. हे तुमच्या इंजिनाचं माप आहे, मित्राच्या नाही. आणि नवे स्क्रू मेट्रिकच आणा. जावा मूळची झेकोस्लोव्हाकियाची, म्हैसूरला बनली तरी आटे तेच राहिले. जुन्या बुलेटचे इंची आटे इथे दोन फेरे जातात आणि मग आतला आटा खातात.

धातूचंही विचारून घ्या. जुने पिस्टन, पातेली वितळवून ओतलेलं कव्हर स्वस्त पडतं, पण बफिंगला, म्हणजे घासून चकाकी आणताना, छिद्रं उघडी पडतात. एलएम 6 हे ॲल्युमिनियमचं मिश्रण साच्यात छान वाहतं, मात्र त्यात सिलिकॉन जास्त, त्यामुळे चकाकी काळपट येते. जावाच्या कव्हरची झळाळी हवी असेल तर एलएम 25 हे दुसरं मिश्रण मागा.

चेनकव्हर सोपं आहे. मित्राच्या गाडीच्या चेनकव्हरवरून पुठ्ठ्याचा नमुना कापा, बाभळीच्या ठोकळ्यावर सीआर (थंड लाटलेला पोलादी) पत्रा हळूहळू ठोकून वळवा. रंगाआधी गाडीवर बसवून पाहा. मागचं चाक पुढे-मागे दोन्ही टोकांना नेऊन फिरवा, चेन कुठेही घासता कामा नये.

मात्र ब्रेकचा लिव्हर, ॲक्सल असले भाग असे ओतून घेऊ नका. ते जुने अस्सल मिळेपर्यंत थांबा. वडिलांची गाडी इतकी वर्षं थांबलीच आहे.

खर्च खरा पॅटर्नचा असतो, एक कव्हर ओता की दोन. दोन ओता. दुसरं बफिंग करून मित्राला द्या; त्याचं कव्हरही आज ना उद्या तडकणारच.