लेथ आणि व्हीएमसीवर जड जॉब चढवण्यासाठी छोटी क्रेन कशी तयार करावी?

आपला प्रश्न असा आहे की, शेडच्या खांबांवर ईओटी (छताखाली रुळांवर धावणाऱ्या विजेच्या) क्रेनचा भार टाकता येत नाही, लेथ आणि व्हीएमसी (संगणकनियंत्रित उभे मिलिंग मशीन) शेजारीशेजारी आहेत, २०० किलोपर्यंतची कास्टिंग सध्या तीनचार माणसे हातांनी चढवतात, तर कमी जागेत बसणारी क्रेन स्वतः बनवून घेता येईल का. येईल. स्वतंत्र खांबावर आडवा आर्म फिरणारी जिब क्रेन हा आपल्यासाठी योग्य पर्याय आहे. कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव भागांतील मशीन शॉपसाठी मी अशा क्रेनचे डिझाइन करतो. माझे ठाम मत आहे की विचाराची सुरुवात वजन उचलण्यापासून न करता, जॉब (घडवायचा भाग) चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, बसतानाच्या शेवटच्या १०० मिलिमीटरपासून करावी, कारण क्रेनचा खरा कस तिथे लागतो.

त्या वेळी ऑपरेटरचा एक हात जॉबवर आणि दुसरा पेंडंटच्या (लोंबत्या बटणपेटीच्या) बटणावर असतो. होइस्टचा (भार वरखाली करणाऱ्या यंत्राचा) वेग मिनिटाला ८ मीटर असेल, तर बटण अर्धा सेकंद दाबले तरी जॉब ६५ मिमीहून अधिक खाली येतो, आणि तेवढ्यात बोटे सापडू शकतात. मिनिटाला २ मीटरचा संथ वेगही देणारा दोन वेगांचा चेन होइस्ट घेतल्यास तेच अंतर १७ मिमीच्या आसपास राहते. दिवसाला पाचसहाच जॉब चढत असतील, तर मी हाताने ओढायचा साधा चेन ब्लॉकच सुचवेन. त्याला वेळ लागतो, पण जॉब केसभर वरखाली करता येतो. जॉब उतरवणे त्याहून अवघड असते. जॉब धरणाऱ्या पट्ट्याला ताण कमी दिला तर चकचे जॉ (जबडे) उघडताच जॉब लेथच्या बेडकडे कोसळतो, जास्त दिला तर वर उसळतो, आणि क्रेन जितकी लवचीक तितका हा अंदाज बांधणे कठीण होते. बेडवर लाकडी फळी ठेवावीच, पण मुळात क्रेन ताठ असायला हवी.

हा ताठपणा कुठून येतो ते आकड्यांत पाहू. क्षमता २५० किलो, आर्म २.५ मीटर, खांब ३ मीटर उंच, होइस्ट आणि तो आर्मवर सरकवणाऱ्या ट्रॉलीचे वजन ४० किलो असे धरले, तर टोकाला २९० किलो भार येतो. २०० मिमीचा आयएसएमबी (आय आकाराचा पोलादी) बीम आर्मसाठी वापरल्यास त्याचे टोक या भाराने साडेतीन मिमीच्या आत वाकते, आणि बरेच फॅब्रिकेटर हिशेब इथेच थांबवतात. परंतु २१९ मिमी बाह्य व्यासाचा, ८ मिमी जाडीचा, म्हणजे ज्याला आपण आठ इंची म्हणतो तो पाइप खांबाला लावला, तर ताकदीच्या दृष्टीने तो पुरेसा असूनही खांबाच्या वाकण्यामुळे तेच टोक आणखी ९ मिमी खाली जाते. आर्म उतरता होतो आणि ढकलती ट्रॉली आपोआप टोकाकडे धावू लागते. तेवढ्याच जाडीचा २७३ मिमीचा पाइप घेतल्यास हे ९ मिमी निम्म्यावर येतात. त्यामुळे जास्तीचे पैसे आर्मवर नव्हे, तर खांबावर खर्च करावेत, आणि मोकळ्या स्थितीत आर्मचे टोक किंचित चढे ठेवावे.

पायाच्या बाबतीत तडजोड करू नये. उचलतानाचा झटका म्हणून भार सव्वापट धरला आणि आर्मचे स्वतःचे वजन मिळवले, की खांब उलथवू पाहणारा मोमेंट (भार गुणिले अंतर) सुमारे १ टन-मीटर होतो. १५० मिमीच्या जमिनीत अँकर फास्टनर ठोकून हे काम होत नाही. १.२ मीटर चौरस आणि ०.९ मीटर खोल काँक्रीटचा ठोकळा सुमारे ३.१ टनांचा होतो आणि केवळ वजनाच्या जोरावर या मोमेंटला जवळजवळ दुप्पट पुरा पडतो. आपल्याकडे काळी माती असेल तर ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. ती पूर्ण काढून पाया मुरुमावर घ्यावा. बेस प्लेटखाली लेव्हलिंग नट ठेवून खांब ओळंब्यात आणावा आणि मगच ग्राउट (पातळ सिमेंटचा मसाला) भरावा, अन्यथा आर्म सोडला की उताराच्या बाजूला स्वतःहून फिरतो. हा सगळा खर्च टाळण्यासाठी शेडच्या ट्रसला (छताच्या कैचीला) चेन ब्लॉक टांगण्याचा सल्ला आपल्याला कोणी ना कोणी देईलच. तो कृपया मानू नये.

आर्म जिथे फिरतो तिथे वरच्या आणि खालच्या बेअरिंगमध्ये अर्धा मीटर अंतर असेल, तर प्रत्येकावर सुमारे २ टनांचा आडवा भार येतो. बुशवर (साध्या नळीसारख्या बेअरिंगवर) भागवले तर आर्म आधी अडतो, मग एकदम सुटतो आणि जॉब झोके घेतो. टेपर रोलर बेअरिंग आणि सोबत हलका घर्षण ब्रेक हे जोडकाम उत्तम चालते.

व्हीएमसीसाठी एक वेगळी अडचण येते. मशीनला छत असेल तर होइस्टची साखळी टेबलाच्या वर पोहोचतच नाही. काही मशीनच्या छताला सरकता भाग असतो. आपल्या मशीनला नसेल तर सी-हूक बनवावा, ज्याचे वरचे कडे भाराच्या बरोबर वर येते आणि खालचा हात दारातून आत जातो. रिकामा हूक कलंडू नये म्हणून त्याच्या वरच्या हातावर, कड्याच्या पलीकडे, उभ्या भागाच्या विरुद्ध बाजूला प्रतिभार लावतात. सी-हूकचे वजन २५० किलोंतच मोजावे.

खांबाची जागा ठरवण्यापूर्वी खिळ्याला सुतळी बांधून जमिनीवर खडूने २.५ मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढावे. चक आणि टेबल वर्तुळाच्या बाहेरच्या तिसऱ्या भागात आले पाहिजेत, कारण खांबाजवळच्या भाराने आर्म फिरवायला फार जोर लागतो. पॅनेलचे दार आणि चिप ट्रॉलीची वाटही त्याच वेळी तपासावी.

ड्रॉइंग स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्यावे. उचल यंत्रांची बारा महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी करण्याची अट १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम २९ मध्ये होती. आपले वर्कशॉप लहान असले तरी ती पाळावी. पहिली चाचणी सव्वापट, म्हणजे सुमारे ३१२ किलो वजनाने घ्यावी. वजन जमिनीपासून जेमतेम उचलून आर्म पूर्ण फिरवावा, टोक किती खाली आले ते मोजावे आणि वजन उतरवल्यावर ते मूळ खुणेवर परत येते का ते पाहावे. परत आले नाही तर बोल्ट ढिले आहेत, ग्राउट दबला आहे किंवा पाया हलला आहे, आणि कारण सापडेपर्यंत क्रेन कामाला लावू नये.