रताळी यार्डातली की गल्लीतली?

प्रश्न : महाशिवरात्रीला रताळी लागतात. बेळगावात एपीएमसीच्या घाऊक यार्डातून घ्यावी की गणपत गल्लीच्या बाजारातून?

उत्तर : पोतंभर लागत असतील तरच यार्ड. तिथं लहान-मोठी, मोडलेली एकत्रच येतात, चिकटलेली तांबडी मातीही वजनात भरते. शेजारणींनी पोतं वाटून घेतलं तर परवडतं. दोन किलोंसाठी गणपत गल्लीच बरी, निवडून घेता येतात.

भाव विचारण्याआधी टोकं बघा. बारीक काळी भोकं म्हणजे आत सोंड्या भुंग्याची अळी. असं रताळं शिजल्यावर कडूच लागतं, किडका भाग कापला तरी कडवटपणा उरतो. दाबल्यावर मऊ लागलं तरी नको. घरी आणून लगेच धुऊ नका, ओलीनं कुजतात. फ्रिजमध्ये तर अजिबात नको, गाभा कडक राहतो, शिजतच नाही. टोपलीत, वाऱ्याला ठेवा.