उधाणाला जा, भांगेला नको

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद. ठाणे खाडीकाठच्या सरकारी जमिनींचं काम तुझ्याकडे आलं हे ऐकून फार आनंद झाला.

सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा नीट वाच. जमीन महसूल संहितेचं कलम 20 तर कायम ध्यानात ठेव: जी जमीन कुणा व्यक्तीची नाही, ती शासनाची. खाडीचा तळही त्यातच आला. पण शासनाची म्हणजे वाटेल त्याला देऊन टाकण्याजोगी नव्हे. 1996 साली नदीकाठच्या जमिनीच्या कमलनाथ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं शासनाला अशा नैसर्गिक संपत्तीचं विश्वस्त म्हटलं. 2018 साली मुंबई उच्च न्यायालयानं खारफुटी तोडायला मनाई केली आणि तिच्याभोवतीचा 50 मीटरचा पट्टाही मोकळा ठेवायला सांगितला.

आता माझी चूक सांगतो. खाडीलगतच्या एका तुकड्याची स्थळपाहणी मी अष्टमीला केली. जमीन कोरडी होती, तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, पिवळी पडलेली. मी लिहिलं, ‘भरतीचं पाणी येत नाही’. ते त्या दिवशी खरंही होतं. नंतर एका कोळी आजोबांनी मला हाताला धरून मागच्या बाजूला नेलं. उघाडीच्या, म्हणजे बांधातून भरतीचं पाणी आत-बाहेर जायच्या वाटेच्या, तोंडावर डेब्रिजचा ढीग होता. ते म्हणाले, ‘साहेब, भांगेला पाणी कुठंच चढत नाही. उधाणाला यायचं होतं.’ भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराची कमी भरती, उधाण म्हणजे अमावास्या-पुनवेची मोठी भरती. भरतीरेषा उधाणाच्या पाण्यावरून ठरते, हे मला पाठ होतं. तरी मी पंचांग पाहिलं नव्हतं.

झाड तोडलं तर गुन्हा दिसतो, म्हणून तोडत कुणी नाही. आधी पाणी अडवतात. तिवराची मुळं श्वासासाठी चिखलातून वर आलेली असतात. ती भरावाखाली गेली की झाड गुदमरतं. मग अर्ज येतो, इथं खारफुटी नाहीच. म्हणून झाडं मोजण्याआधी उघाड्या, मोऱ्या, पाइप शोध. अमावास्येला किंवा पुनवेला जा, आणि एकाच दिवशी दोनदा. आपल्याकडे उधाणाची ओहोटी साधारण सकाळी सहा-सातला असते, तेव्हा बांध उघडा दिसतो. भरती दुपारी बारा-एकला, तेव्हा पाणी कुठं थबकतं ते दिसतं. टिपणीत तिथी, वेळ आणि भरतीची उंची लिही. जुनी उपग्रह छायाचित्रं सोबत जोड. माझ्या त्या टिपणीत यातलं काहीच नव्हतं, आणि पुढं तीच कागदपत्रांत पुरावा म्हणून फिरत राहिली. ती तिवरं वाचली नाहीत. ते अजून सलतं.

गुरचरणाचं थोडक्यात: गाई उरल्या नाहीत म्हणून जमीन मोकळी झाली, असं कुणी म्हटलं तर त्याच संहितेचं कलम 22-क काढून वाच; गुरचरण दुसऱ्या वापराला वळवायला ते आडवं येतं.

आणि माणसं. अतिक्रमणाच्या यादीत मासळी सुकवायची जागा आणि रात्री डंपर रिकामा करणारा एकाच रकान्यात येतात. तू त्यांना एक समजू नकोस. नवी मुंबई 95 गावांच्या जमिनीवर उभी राहिली. 1984 च्या जानेवारीत जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या उरणच्या आंदोलनात पाच जणांनी गोळ्या झेलल्या, त्यांची घरं अजून इथंच आहेत. कारवाई करावी लागली तर कर, पण आधी त्यांच्या ओट्यावर बसून ऐक.

येत्या अमावास्येला सकाळी सहाला ऐरोलीच्या खाडीकाठी ये. मी असेन. गमबूट आण, आणि दुपारपर्यंत थांबायच्या तयारीनं ये.

तुझा,
काका