१९६५ च्या भारत-पाक युद्धात पकडलेल्या पॅटनचा, म्हणजे पाकिस्तानच्या अमेरिकी बनावटीच्या रणगाड्याचा, जुना फोटो आहे. त्यावरून जोडायचं छोटं मॉडेल (किट) एम-४७ चं घ्यावं की एम-४८ चं?

आधी रणगाड्याचा पुढचा भाग बघा: चालकाच्या शेजारी पुढच्या पत्र्यात मशीनगनचं भोक असेल तर तो एम-४७, आणि पुढचा भाग होडीच्या नाळेसारखा गोलसर, चालकाचं झाकण मधोमध असेल तर एम-४८. कारण साधं आहे. एम-४७ मध्ये पाच जण बसत, पाचवा ही मशीनगन चालवायचा. एम-४८ मध्ये ती जागाच काढून टाकली, म्हणून चालक डावीकडून मध्ये आला. पुढचा भाग दिसत नसेल तर टरेट, म्हणजे तोफ बसवलेला वरचा फिरता भाग, बघा. एम-४७ चं अरुंद, मागे लांब निघालेलं. एम-४८ चं पालथ्या वाडग्यासारखं. तोफेवरून मात्र ठरवू नका, दोघांचीही ९० मिमीचीच. पंजाबातल्या खेमकरण-असल उत्तरच्या लढाईत दोन्ही प्रकार होते, त्यामुळे फोटोखाली नुसतं ‘पॅटन’ लिहिलेलं असेल तर त्यावर किट विकत घेऊ नका.

एक गोष्ट सांभाळा: चौकात किंवा छावणीत विजयचिन्ह म्हणून उभे असलेले रणगाडे नंतर अनेकदा रंगवलेले असतात. त्यांच्यावरून आकार आणि मापं खुशाल घ्या, अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयातही पॅटन जवळून पाहता येतो. पण रंग आणि खुणा युद्धकाळातल्या फोटोंवरूनच घ्या.